बायोस उघडत नाही? बटणं बडवण्याआधी नम लॉकचा दिवा बघा

मामांचा पीसी २०१० सालचा. जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ प्रोसेसर, नंतर कधीतरी वाढवलेली ४ जीबी रॅम. असेम्बल्ड मशीन, म्हणजे कॅबिनेटवर एका कंपनीचं नाव, आत दुसरीचा बोर्ड आणि बिलावर तिसरंच काहीतरी. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, विंडोज ११ च्या अटींत हे मशीन बसत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची ठरली. पेन ड्राइव्ह तयार होता. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचाच छोटा प्रोग्राम) जाऊन बूटचा क्रम (मशीनने आधी कुठून सुरू व्हायचं तो) बदलला की झालं, एवढंच काम उरलं होतं. दोन दिवसांनी मामांचा फोन आला. "डिलीट दाबलं, एफ२ दाबलं, एफ१० झालं, एफ१२ झालं. तो आपला सरळ विंडोजमध्येच जातो रे."

अशा वेळी जो तो कंपनीनुसार बटणांची यादी हातात देतो. यादी चुकीची नसते, मीही खाली देणार आहे. पण एवढी बटणं दाबून झाल्यावर त्यात योग्य बटण बहुधा येऊन गेलेलं असतं. त्या क्षणी ते मशीनला ऐकू आलं का, हे आधी तपासायला हवं. हे तपासायला कॅबिनेट उघडावं लागत नाही आणि खर्चही नाही.

दिव्याची परीक्षा

पीसी पूर्ण बंद करा. सुरू केल्यावर नजर मॉनिटरवर नको, कीबोर्डवर ठेवा. पॉवर मिळताच नम लॉक, कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे क्षणभर लुकलुकतात. त्यावरून फक्त कीबोर्डला वीज मिळाली एवढंच कळतं. खरी परीक्षा पुढे आहे. विंडोजचं चिन्ह दिसण्याआधी, साधारण सेकंदाला एकदा, नम लॉकचं बटण दाबत राहा. दिवा दर वेळी लागतोय आणि विझतोय का?

लागत-विझत असेल, तर बायोस तुमचा कीबोर्ड वाचतंय. मग अडचण बटणाची, वेळेची किंवा स्क्रीनची आहे.

दिवा ढिम्म राहिला आणि विंडोज सुरू झाल्यावरच हलायला लागला, तर बायोसच्या लेखी तुमचा कीबोर्ड जोडलेलाच नाही. डिलीट दाबा नाहीतर अख्खं बाराखडीचं पान टाइप करा, फरक पडणार नाही. कारण सोपं आहे. विंडोज यूएसबी कीबोर्डसाठी स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतं. विंडोज येईपर्यंत ते काम बायोसला करावं लागतं आणि जुन्या बायोसमध्ये ते चालू-बंद करण्याची सोय असते. कुठे तिचं नाव 'लेगसी यूएसबी सपोर्ट', कुठे 'यूएसबी कीबोर्ड फंक्शन'. काही बोर्डांवर ही सोय मुळातच बंद ठेवलेली असायची, कारण त्या काळी बहुतेक कीबोर्ड यूएसबीचे नव्हतेच. आता गंमत अशी, की ही सोय चालू करायला बायोसमध्ये जायला हवं आणि बायोसमध्ये जायला कीबोर्ड हवा.

काही स्वस्त कीबोर्डना दिवेच नसतात. तिथे वेगळी परीक्षा घ्या. मॉनिटरवर काळ्या पडद्यावरची अक्षरं किंवा कंपनीचं चित्र दिसत असतानाच कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ही तिन्ही एकदम दाबा. मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर कीबोर्ड ऐकू येतोय.

कीबोर्ड ऐकू येत नसेल तर

आधी फुकटचे उपाय. कीबोर्ड पुढच्या पोर्टमध्ये असेल तर मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. निळे पोर्ट टाळा. ते यूएसबी ३ चे असतात आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर त्यांची चिप वेगळी असल्याने विंडोज येईपर्यंत ते झोपलेले असतात. काळे पोर्ट घ्या. मधे यूएसबी हब किंवा दोन पीसींना एकच कीबोर्ड वापरायचा केव्हीएम स्विच असेल, तर तो काढा. ब्लूटूथ कीबोर्डचा इथे उपयोग नाही. छोट्या डोंगलवर चालणारे वायरलेस कीबोर्ड पुष्कळदा चालतात, पण शंका असताना वायरवालाच घ्यावा. जाता जाता प्रिंटर, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढून ठेवा. यातली एखादी वस्तू बिघडलेली असली, तर बायोस तिच्यापाशी अडकून बसल्याचं मी पाहिलंय.

एवढ्यानेही दिवा हलला नाही, तर जुना पीएस/२ कीबोर्ड शोधा. पीसीच्या मागे गोल सॉकेट असतं. जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं. काही बोर्डांवर एकच सॉकेट असतं, अर्धं जांभळं, अर्धं हिरवं. या सॉकेटला बायोस जन्मापासून ओळखतं, त्यासाठी काहीही चालू करावं लागत नाही. घरी नसेल तर शेजारच्या मेडिकल दुकानात, झेरॉक्सवाल्याकडे, पतपेढीत विचारा. खडखड वाजणारा टीव्हीएस गोल्ड अजून बऱ्याच काउंटरवर नांदतोय आणि त्यातले जुने बरेचसे गोल पिनेचे आहेत. अर्ध्या तासासाठी कोणीही देतं.

दोन गोष्टी सांभाळा. पीएस/२ कीबोर्ड चालू पीसीला जोडू नका. एक तर तो ओळखला जाणार नाही आणि क्वचित पोर्ट जळण्याचीही भीती असते. मशीन बंद करा, भिंतीवरचा स्विचही बंद करा, पिनेची दिशा बघून हळू दाबा. जोर केला की आतल्या बारीक पिना वाकतात. दुसरं म्हणजे यूएसबीचं पीएस/२ करणारा तो छोटा जांभळा किंवा हिरवा अडॅप्टर. तो फक्त तारा जुळवून देतो. दोन्ही भाषा बोलणाऱ्या कीबोर्डलाच तो चालतो आणि आजचे अनेक कीबोर्ड तसे नसतात. अडॅप्टरने झालं नाही म्हणून पोर्ट खराब आहे असं धरून चालू नका.

मामांकडे नेमकं हेच होतं. दिवा विंडोज आल्यावरच हलायचा. त्यांनी गल्लीतल्या टायपिंगवाल्याकडून एक पिवळटलेला पीएस/२ कीबोर्ड आणला आणि पहिल्याच डिलीटला बायोसचा निळा पडदा उघडला.

बटण कोणतं आणि कधी दाबायचं

दिवा हलत असेल तर आता यादी. असेम्बल्ड मशीनमध्ये बहुतेक वेळा डिलीटच. अवॉर्ड आणि एएमआय या दोन्ही कंपन्यांची बायोस डिलीटवर उघडायची, फिनिक्सची एफ२ वर. इंटेलच्या स्वतःच्या मदरबोर्डवर एफ२. डेलवर एफ२. जुन्या एचपी आणि कॉम्पॅकवर एफ१०, काही एचपींवर आधी एस्केप आणि मग एफ१०. लेनोवोच्या थिंकसेंटरवर एफ१. एसरवर डिलीट किंवा एफ२.

फक्त एकदाच पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं असेल, तर बायोसमध्ये न जाताही बूट मेनूने भागतं. गिगाबाइट, डेल आणि लेनोवोवर एफ१२, असूसवर एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ११, इंटेलच्या बोर्डवर एफ१०.

बोर्ड कोणाचा हेच माहीत नसेल तर विंडोज १० मध्ये विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' हे इंग्रजीत सलग टाइप करा आणि एंटर मारा. उघडणाऱ्या यादीत बेसबोर्डच्या ओळींत बोर्डची कंपनी आणि मॉडेल असतं. तिथेच 'बायोस मोड' अशीही ओळ आहे, ती आत्ताच बघून ठेवा. पुढे लागेल.

आता वेळ. बटण दाबून धरू नका. काही बोर्ड त्याला अडकलेलं बटण समजतात आणि कीबोर्डची चूक दाखवतात. पॉवरचं बटण दाबल्या क्षणापासून डिलीट टिचकीसारखं, सेकंदातून दोनदा, मारत राहा. मॉनिटर जागा व्हायची वाट बघू नका. मॉनिटरला जागं व्हायला तीन-चार सेकंद लागतात आणि बायोसचं आमंत्रण तेवढ्यात येऊन गेलेलं असतं. मोठं रंगीत चित्र येऊन खालच्या सूचना झाकत असतील तर टॅब दाबून बघा, बऱ्याच बोर्डांवर चित्र सरून मागची अक्षरं दिसतात. तिथे कोणतं बटण कशाला हे लिहिलेलं असतं. वाचायला वेळ पुरत नसेल तर पॉझ दाबा. जुन्या मशीनवर सगळं जागच्या जागी थांबतं आणि दुसरं कोणतंही बटण दाबलं की पुढे चालू होतं. मोबाइलने व्हिडिओ काढून नंतर थांबवून वाचणं हा त्याहून सोपा मार्ग.

थोडी वाकडी युक्तीही आहे. पीसी बंद करून हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. मग सुरू केल्यावर बूट करायला काही सापडत नाही आणि डिस्क बूट फेल्युअरचा संदेश येऊन मशीन थांबतं. या वेळी मॉनिटर पूर्ण जागा असतो, कीबोर्ड ओळखून झालेला असतो. इथून कंट्रोल, ऑल्ट, डिलीटने पुन्हा सुरू करा आणि लगेच डिलीटच्या टिचक्या सुरू करा. विंडोज मधे येणारच नसल्याने घाई नाही, दहा वेळा करून बघता येतं. केबल परत लावताना मशीन पुन्हा बंद करायला विसरू नका.

फास्ट स्टार्टअपवर किती दोष टाकायचा

विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे खरं तर अर्धी झोप असते. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून मशीन बंद होतं. त्यामुळे बायोस उघडत नाही असं सर्रास सांगितलं जातं, पण खऱ्या जुन्या बायोसच्या मशीनवर हा दोष फारसा लागू होत नाही. तिथे मशीन सुरू होताना स्वतःची पहिली तपासणी, म्हणजे पोस्ट, दर वेळी करतंच आणि डिलीटची संधी देतंच. २०१२ च्या पुढच्या, यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेल्या मशीनवर मात्र ही तपासणी इतकी आखूड होऊ शकते, की यूएसबी कीबोर्डला जागं व्हायला सवडच मिळत नाही.

म्हणून मघाची 'बायोस मोड'ची ओळ. तिथे यूईएफआय असेल तर बटणांच्या भानगडीत पडूच नका. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, तिथे रीस्टार्ट नाउ. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. मशीन स्वतःच आत नेऊन सोडतं. त्या ओळीत 'लेगसी' असेल तर हा पर्याय तुम्हाला दिसणार नाही. तो हरवलेला नाही, अशा मशीनला तो नसतोच. तेव्हा शोधत बसू नका. दोन्हीकडे चालणारी एक सवय: बायोसमध्ये जायचं असेल तेव्हा शट डाउन न करता रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. मशीन खरोखर बंद होतं.

आत गेलात, पण दिसत नाही

हा प्रकार लोकांच्या डोक्यातच येत नाही. डिलीट दाबलं, पडदा काळा राहिला, विंडोजही आलं नाही, म्हणून "पीसी हँग झाला" असं म्हणून पॉवर बंद करतात. दोन मिनिटं थांबा. हार्ड डिस्कचा लाल दिवा शांत आहे, नम लॉक लागतोय-विझतोय आणि विंडोजचा पत्ता नाही? मग तुम्ही बायोसच्या आतच उभे आहात, फक्त अंधारात.

कारणं दोन. नंतर ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर बायोस बोर्डवरच्या सॉकेटवर चित्र पाठवत असेल आणि केबल कार्डाला लावलेली असेल, किंवा याच्या उलट. केबल दुसऱ्या सॉकेटला लावून बघा. दुसरं कारण टीव्हीचं. जुना मॉनिटर गेला की अनेक घरांत पीसी टीव्हीला जोडला जातो, मधे व्हीजीएचं एचडीएमआय करणारी डबी. बायोसचा अक्षरांचा पडदा ७२० बाय ४०० चा आणि ७० हर्ट्झचा असतो. ते माप काही टीव्हींना आणि डब्यांना पचत नाही, विंडोजचं माप पचतं. तासाभरासाठी कोणाचा तरी साधा व्हीजीए मॉनिटर आणणं हाच उपाय.

पडदाही काळा, नम लॉकही मेलेला आणि विंडोजही नाही, तर प्रश्न बायोसमध्ये जाण्याचा राहिलेलाच नाही, पोस्टच होत नाहीये. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून घट्ट बसवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, एवढ्याने अर्धी मशीन जिवंत होतात.

पासवर्ड, सेल आणि जंपर

कॅबिनेट उघडणं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. बरेच जण पहिल्याच दिवशी बॅटरी काढून बसतात आणि नवं दुखणं ओढवून घेतात.

बायोसने पासवर्ड मागितला, तर मशीन कुठून आलं ते आठवा. कार्यालयांच्या लिलावातून आलेल्या पीसींवर तो हमखास असतो. आधीच्या मालकाला विचारणं सर्वात सोपं. ते शक्य नसेल आणि मशीन तुमचंच असेल, तर बोर्डवर जंपर, म्हणजे दोन-तीन बारीक पिना आणि त्यांवर बसणारी छोटी टोपी, शोधा. असेम्बल्ड बोर्डवर सीएलआर सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ अशी बारीक अक्षरं असतात. डेलच्या जुन्या ऑप्टिप्लेक्सवर पासवर्डसाठी पीएसडब्ल्यूडी असा वेगळा जंपर असतो. तो काढून मशीन एकदा सुरू करायचं, मग बंद करून परत बसवायचा.

सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग जिथे साठतात ती जागा, साफ करण्याची रीत अशी. पॉवरची वायर भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या. तीन पिनांचा जंपर असेल तर टोपी पहिल्या जोडीवरून दुसऱ्या जोडीवर दहा सेकंद ठेवा आणि जिथल्या तिथे परत आणा. दोनच पिना असतील तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. टोपी साफ करण्याच्या जागेवर असताना मशीन चुकूनही सुरू करू नका.

बोर्डवरच्या गोल सेलची गोष्ट वेगळी. सुरू होताना सीमॉस चेकसम एररचा संदेश येत असेल, तारीख दर वेळी कुठल्यातरी जुन्या साली जात असेल, वेबसाइट प्रमाणपत्र चुकीचं असल्याची तक्रार करत असतील, तर सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली गेला की बदलावा. आपल्याकडे रात्री भिंतीवरचा स्विच बंद करायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण स्विच बंद असेपर्यंत बोर्डवरचं घड्याळ पूर्णपणे सेलवर चालतं, म्हणून तो लवकर संपतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. जुना सेल लहान मुलांच्या हाताला लागेल असा टाकू नका, गिळला तर अन्ननलिका भाजते.

आता ते नवं दुखणं. सीमॉस साफ झालं की सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात. त्यात एक असते साटाची, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआय की आयडीई. विंडोज एका पद्धतीत टाकलेलं आणि बायोस दुसरीवर गेलं, की विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो, जुन्या विंडोजवर खाली शून्य एक्स आणि शेवटी ७बी असा आकडा, विंडोज १० वर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे शब्द. लोक घाबरून फॉरमॅट मारतात. काही गेलेलं नसतं. बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत दुसरी करा, विंडोज पूर्वीसारखं उघडतं.

आत शिरल्यावर

काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. मग लेगसी यूएसबी किंवा यूएसबी कीबोर्ड फंक्शन चालू करा, म्हणजे उसना कीबोर्ड परत करता येईल. पूर्ण पडद्याचं चित्र बंद करा, म्हणजे पुढच्या वेळी सूचना दिसतील. तारीख बघा. प्रोसेसरच्या व्होल्टेजच्या पानावर उगाच फिरू नका. बदल साठवायला एफ१०, मग वाय, मग एंटर. बाहेर.

यूएसबी कीबोर्ड लावून मामांनी पुन्हा सुरू केलं, एफ१२ दाबलं आणि परत फोन आला: "यात पेन ड्राइव्हचं नावच नाही." नाव होतं. अवॉर्डच्या जुन्या बूट मेनूत पेन ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या पोटात लपतो. हार्ड डिस्कच्या ओळीवर एंटर मारलं की आत दोन नावं दिसतात, त्यातलं यूएसबीचं घ्यायचं. मशीन सुरू करण्याआधी पेन ड्राइव्ह लावलेला हवा. आणि तो रूफस या प्रोग्रामने बनवताना पार्टिशनची पद्धत एमबीआर निवडलेली हवी, कारण जीपीटी निवडून बनवलेला पेन ड्राइव्ह अशा जुन्या बायोसला बूट करता येत नाही. मामांचा नेमका जीपीटीवर बनवला होता, आणि बनवणारा मीच. पुन्हा बनवून दिला, तेव्हा कुठे मिंटचा हिरवा पडदा आला.